ही वर्गणी नव्हे, हा खंड आहे

मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द मानाचा आहे. गावचा उत्सव वर्गणीतून होतो, संपकऱ्यांच्या चुली वर्गणीतून पेटत्या राहतात आणि वाचकांच्या हातातले हे साप्ताहिकही वर्गणीदारांच्याच बळावर चालते. वर्गणी देणारा मनुष्य त्या कार्यात भागीदार होत असतो. पुढच्या वर्षी त्याने वर्गणी भरली नाही तर नवे अंक येणे थांबेल. परंतु त्याच्या कपाटातले गेल्या दहा वर्षांचे अंक उचलून न्यायला कोणी येत नाही. संगणकाच्या सॉफ्टवेअरचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी गेल्या बारा-तेरा वर्षांत ‘सबस्क्रिप्शन’ या नावाखाली जी पद्धत रूढ केली आहे, तिलाही आपल्याकडे सर्रास ‘वर्गणी’ म्हटले जाते. माझा पहिला आक्षेप या नामकरणालाच आहे. तेथे हप्ता चुकला की नवे मिळणे तर थांबतेच, पण जुनेही हातचे जाते. अशा व्यवहाराला आपल्या मुलखात एक जुना आणि नेमका शब्द आहे : खंड. आणि तो भरणाऱ्याला कूळ म्हणतात.

हा प्रश्न मूठभर सुशिक्षितांच्या चैनीचा आहे, असे समजून तो बाजूला सारणे चुकीचे होईल. तालुक्याच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणारा, बांधकामाचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, लग्नसमारंभाची छायाचित्रे काढून पोट भरणारा छायाचित्रकार या सर्वांच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे मालेगावच्या विणकराच्या लेखी जसा माग तसे आहे. ते त्यांचे उत्पादनाचे साधन आहे. उत्पादनाच्या साधनावर कोणाची मालकी असावी, हा प्रश्न जर समाजवाद्यांचा नसेल, तर मग समाजवाद्यांचा प्रश्न तरी कोणता?

घडले ते असे. मे २०१३ मध्ये अॅडोबी या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन इत्यादींच्या यापुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहीत. दरमहा अथवा दरसाल पैसे भरूनच त्या वापरता येतील. २०१६ पासून ऑटोकॅडची मालक असलेल्या ऑटोडेस्कने तोच मार्ग धरला. मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हर-यंत्रणेत जिचा दबदबा, ती व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने गिळंकृत केली आणि पुढच्याच महिन्यात तिचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले.

आता थोडा हिशेब करू. २०१२ साली अॅडोबीचा सर्वांत मोठा संच अमेरिकेत २,५९९ डॉलरला विकत मिळत असे. भाड्याचा सुरुवातीचा दर महिन्याला ४९.९९ डॉलर होता. साधा भागाकार केला तर बावन्न महिन्यांत, म्हणजे साडेचार वर्षे पुरी होण्याआधीच, भाडे किमतीइतके होते. विकत घेणाऱ्याला त्रेपन्नाव्या महिन्यात काही द्यावे लागत नसे. भाडेकरू मात्र देतच राहतो, आणि दर ठरवणेही त्याच्या हाती नसते. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत हाच दर ६९.९९ डॉलरवर गेला. २०१३ च्या आर्थिक वर्षात या कंपनीचे उत्पन्न सुमारे ४०६ कोटी डॉलर होते. २०२४ मध्ये ते सुमारे २,१५० कोटी झाले. ही सारीच वाढ भाडेपद्धतीची नव्हे, कंपनीने मधल्या काळात इतरही धंदे विकत घेतले. पण पाया कोणी घातला, हे सांगायला ज्योतिषी नको.

मक्तेदाराला विक्रीपेक्षा भाडे अधिक प्रिय का असते, याचे उत्तर अर्थशास्त्राने फार पूर्वीच दिलेले आहे. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मधील आपल्या निबंधात टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीचे कोडे उलगडून दाखवले. टिकाऊ वस्तू एकदा विकली की ती बाजारातच राहते. काल विकलेली वस्तू ही आजच्या मक्तेदाराची प्रतिस्पर्धी होते. या कटकटीतून सुटण्याचा त्याचा हुकमी मार्ग म्हणजे वस्तू विकायचीच नाही, भाड्याने द्यायची. सॉफ्टवेअर तर झिजत नाही, गंजत नाही. दहा वर्षांपूर्वीची प्रत आजही तितक्याच चोखपणे काम करते. म्हणजे अॅडोबीची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी नव्हतीच. ती ग्राहकाच्या संगणकात आधीपासून असलेल्या तिच्याच जुन्या आवृत्तीशी होती. नव्या आवृत्तीत घेण्याजोगे काही नसेल तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार ग्राहकाला होता, आणि त्या ‘नको’च्या भयाने कंपनीला काहीतरी चांगले घडवावे लागे. कामगाराच्या हाती संपाचे हत्यार असते, तसे ग्राहकाच्या हाती हे हत्यार होते. भाडेपद्धतीने नेमके तेच काढून घेतले. सारी ग्यानबाची मेख येथे आहे.

आपल्या छापखान्यांचे उदाहरण पाहावे. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ ची. अॅडोबीने ती पुढे वाढवली नाही. तरीही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारखी मराठी अक्षरांची साधने जोडून आपल्याकडील छापखान्यांनी पुढे कितीतरी वर्षे तिच्यावर लग्नपत्रिका, ग्रंथ आणि नियतकालिके जुळवली. ही नव्याची भीती नव्हती. ती काटकसर होती. आपल्या गरजेपुरते यंत्र आपण चालवू, ही कारागिराची स्वाधीनता होती. आजच्या भाडेपद्धतीत अशी काटकसर शक्यच नाही, कारण जुन्यावर भागवण्याची सोयच उरलेली नाही.

यंत्रे विकायची नाहीत, भाड्यानेच द्यायची, ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील युनायटेड शू मशिनरी कंपनी जोडे बनवण्याची आपली प्रमुख यंत्रे कारखानदारांना केवळ भाड्याने देई. १९५३ मध्ये तेथील न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली आणि जे यंत्र भाड्याने द्याल ते विक्रीलाही ठेवा, असा हुकूम दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १९५६ मध्ये आयबीएमलाही न्यायालयीन तडजोडीने हीच अट मान्य करावी लागली. भांडवलशाहीच्या माहेरघरातील ही गोष्ट आहे! भारतात मात्र आयबीएम परदेशात वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून भाड्याने देत राहिली. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्यानुसार परकी भांडवलाचा हिस्सा घटवण्याचा आग्रह जनता राजवटीतील उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी सोडला नाही आणि १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडला. पण देशातील संगणक बंद पडले नाहीत. सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने त्यांच्या देखभालीची जबाबदारी घेतली. यंत्र येथल्या जमिनीवर उभे होते, म्हणूनच हे शक्य झाले. आजच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरची किल्ली सातासमुद्रापलीकडे असते.

ही किल्ली फिरते तेव्हा काय होते, याचीही प्रचीती आलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या निर्बंधांचा हवाला देऊन अॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याची घोषणा केली. महिनाअखेर परवानगी मिळाल्यावर ती मागे घेतली गेली, हे खरे. पण तेवढे दिवस एका संपूर्ण देशातील चित्रकार-मुद्रकांची उपजीविका टांगणीला लागली होती. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या सेवा खंडित केल्या. नायरा ही काही गरिबांची सहकारी संस्था नव्हे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. परंतु परवान्यांचे पुरते पैसे मोजूनही आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे सेवा पूर्ववत झाल्या. जिच्यापाशी वकिलांची फौज आहे तिची ही गत, तर तालुक्याच्या छापखान्याने कोणाचे दार ठोठवावे?

भाडेपद्धतीचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. पहिला असा, की एकदम मोठी रक्कम ज्याला परवडत नाही त्याला महिन्याच्या थोड्या पैशांत उत्तम साधन मिळते. सावकारही हेच म्हणत असे. गरिबाला हप्त्याची सोय हवी, हे निर्विवाद. पण हप्ते फिटल्यावर शिलाई यंत्र शिंप्याचे होते. येथे हप्ते आहेत, फिटणे नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. सॉफ्टवेअरमधील दोष सतत दुरुस्त करावे लागतात, सर्व्हर चालवावे लागतात, प्रोग्रामरना दरमहा वेतन द्यावे लागते. मग ग्राहकाने दरमहा का देऊ नये? प्रोग्रामर हाही श्रमिक आहे आणि त्याच्या श्रमाचे मोल दिलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. जेथे कंपनी खरोखर रोज सेवा देते, तेथे सेवेचे पैसे जरूर घ्यावेत. परंतु देखभालीची रक्कम निराळी आणि वस्तू वापरू देण्याचा खंड निराळा. देखभाल नाकारणाऱ्याचे यंत्रच कुलूपबंद करणे याला देखभाल म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्याच तरुण मित्रांचा आहे : खासगी मालकीचा कैवार समाजवाद्यांनी का घ्यावा? त्यांना माझे सांगणे एवढेच, की कष्टकऱ्याची स्वतःच्या अवजारावरील मालकी आणि मक्तेदाराची दुसऱ्याच्या अवजारावरील मालकी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देताना आपण जमीनदारीचा कैवार घेत नव्हतो.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने स्वयंचलित वसुलीपूर्वी चोवीस तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. तीत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ही आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सापळ्यातून सुटणे सोपे करणे वेगळे आणि सुटल्यावर हातात काही उरणे वेगळे. परकी कंपनीच्या जागी स्वदेशी आणल्यानेही हे साधत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना झोहोचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले. मालक चेन्नईचा असला तरी खंड तो खंडच!

यावरील उपाय आपल्याच इतिहासात आहे. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत हप्त्याने द्यायची होती. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, तरी तत्त्व निःसंशय न्याय्य होते. तेच तत्त्व येथे लागू करावे. पहिली मागणी : जे सॉफ्टवेअर भाड्याने दिले जाते ते वाजवी किमतीत विक्रीलाही ठेवणे बंधनकारक व्हावे. दुसरी : ठरावीक मुदतीचे भाडे भरल्यावर तोवरची आवृत्ती ग्राहकाची कायमची व्हावी. हे अव्यवहार्य नाही. ग्राहकांच्या रोषानंतर २०१५ मध्ये जेटब्रेन्स या कंपनीने वर्षभराच्या भरण्यावर अशी सोय दिलीच आहे. तिसरी : भाडे थांबले तरी स्वतः तयार केलेल्या फाइली उघडण्याचा व खुल्या स्वरूपात काढून घेण्याचा हक्क अबाधित राहावा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचा निर्णय दिला आणि त्यावर विक्रीकर लागू ठरला. कर बसवताना माल आणि ग्राहकाने हक्क सांगताच केवळ परवाना, हा दुटप्पीपणा कायद्याने मोडून काढला पाहिजे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या कार्यालयांतील, संघटनांतील आणि सहकारी संस्थांतील पत्रव्यवहार व हिशेब लिबरऑफिसवर आणणे आजही शक्य आहे. पानांच्या जुळणीसाठी ‘स्क्रायबस’ आहे. इनडिझाइनची सफाई त्याला आलेली नाही, हे मान्य करूनच ते शिकावे लागेल. केरळातील सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांना शिकवून दाखवले आहे. आणि २००२ मध्ये ‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर त्याची कंपनी बुडाल्यावर बंद पडणार, अशी वेळ आली, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते गुंतवणूकदारांकडून सोडवून घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. आज ते कोणीही, कितीही काळ वापरू शकतो. वर्गणी म्हणतात ती याला. तशी वर्गणी मागायला आपण पुन्हा दारोदार जावे. खंड मात्र निमूटपणे भरू नये.