नवी हायब्रिड मोटार

दारात हायब्रिड मोटार आली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. आता जरा सबुरीने घ्या. पहिले ३०० किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका. १००० होईपर्यंत फार पळवू नका, एकाच वेगात लांबवर नेऊ नका. ट्रॅक्टरवाल्यांना हे नवे नाही.

खरा धोका अंगणात आहे. इंजिन गप्प असले तरी ‘रेडी’चा दिवा पेटलेला असेल तर गाडी चालूच समजा. गिअर ‘डी’वर असताना ब्रेकवरचा पाय उचलला, की ती विजेवर मुकाट्याने सरकते. समोर पोरे खेळत असतात, वासरू बांधलेले असते. म्हणून उतरण्याआधी गिअर ‘पी’वर घ्या, बटण दाबा, दिवा विझलेला पाहा. किल्ली पोरांच्या हाती नको.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ जाळी असते. तिला पोते टेकवू नका. बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथूनच आत जाते.