मोजमापाची सावड

ऑक्टोबरच्या अखेरीस, आपल्याकडे दिवाळीची गडबड सुरू असते त्या सुमारास, पॅरिसच्या पोर्त द व्हर्साय प्रदर्शन केंद्रात विद्यार्थ्यांचा एक मोठा मेळा भरतो. ‘आयजेम’ या सिंथेटिक बायोलॉजीच्या स्पर्धेचा हा समारोप. जिवाणूंच्या आणि यीस्टच्या पेशींत नवी जनुके बसवून त्यांच्याकडून काही उपयोगाचे काम करून घ्यायचे, या खटाटोपात वर्ष घालवलेली चारशेहून अधिक पथके अलीकडे तिथे जमतात. भारतीय पथकांना किती सुवर्णपदके मिळाली, याच्या बातम्या मग आपल्याकडे येतात. त्या याव्यातही. पण या स्पर्धेची खरी कमाई पदकांच्या यादीत सापडत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीत 2003च्या जानेवारीत भरलेल्या एका छोट्या अभ्यासवर्गातून हे सारे सुरू झाले. पुढच्याच वर्षी पाच विद्यापीठांची स्पर्धा झाली, 2005मध्ये पथके तेरा झाली आणि काही अमेरिकेबाहेरूनही आली. टॉम नाइट, ड्रू एंडी, रँडी रेटबर्ग ही यामागची माणसे. यातले नाइट मूळचे संगणकवाले. कोणताही नट कोणत्याही बोल्टला बसावा तसे डीएनएचे तुकडे एकमेकांना जोडता यावेत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी ठरवून दिलेल्या ‘बायोब्रिक’ तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरावीक एन्झाइमने कापता येतील अशा जागा असतात. त्यांपैकी एक्सबीए-वन आणि एसपीई-वन या दोन एन्झाइमांनी कापलेली टोके एकमेकांशी जुळतात, पण जुळल्यावर जो सांधा तयार होतो तो दोघांपैकी कोणालाच कापता येत नाही. त्यामुळे दोन तुकड्यांचा एक झाला तरी तो पुन्हा तशाच दोन टोकांचा बायोब्रिक राहतो आणि त्याला पुढचा तुकडा लावता येतो. पथकांनी सामाईक भांडारातून तुकडे घ्यायचे आणि स्वतः घडवलेले परत तिथे जमा करायचे, हा व्यवहार या जोडणीच्या जोरावर उभा राहिला. आज त्या भांडारात वीस हजारांहून अधिक तुकड्यांची नोंद आहे.

नोंद आहे म्हणजे तुकडा चालतोच, असे मात्र नाही. स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात घाईने भरलेली माहिती, न तपासलेला क्रम, ‘प्रकाश देतो’ एवढेच मोघम वर्णन, अशा तक्रारी जुन्याच आहेत. आणि प्रकाश देतो तर किती देतो? इथे तर सगळ्यांचेच घोडे पेंड खात होते. हिरव्या प्रथिनाचा प्रकाश मोजणारे प्रत्येक यंत्र आपल्याच एककात आकडा सांगते. द्रवात पेशी किती आहेत, हे त्याच्या गढूळपणावरून ताडायचे, तर तो आकडाही यंत्रागणिक बदलतो. चीनमधल्या पथकाचे ‘दहा हजार’ आणि जर्मनीतल्या पथकाचे ‘दहा हजार’ यांची तुलना करायला आधारच नव्हता.

यावर आयजेमने 2014पासून ‘इंटरलॅब’ नावाचा उपक्रम घेतला. सगळ्यांनी तेच तुकडे, तीच कृती वापरून मोजायचे आणि आकडे एका जागी पाठवायचे. त्यातून आलेला पेशीमोजणीचा अभ्यास 2020मध्ये ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. त्यात 244 प्रयोगशाळांचे आकडे होते. गढूळपणाच्या आकड्यावरून पेशींची संख्या काढण्याच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. सर्वांत सरस ठरली ती अगदी साधी युक्ती: जिवाणूएवढ्या, म्हणजे साधारण एक मायक्रोमीटर व्यासाच्या सिलिकाच्या कणांची पायरीपायरीने विरळ केलेली द्रावणे यंत्रात घालायची आणि त्यांवरून यंत्राचे माप बांधून घ्यायचे. कणांची संख्या आधीच ठाऊक असते. ज्यांच्या हाती पिपेट येऊन जेमतेम वर्ष झाले असेल अशा मुलांनी केलेले हे काम. नामवंत प्रयोगशाळांनाही एवढी ठिकाणे एका कृतीला बांधणे सोपे गेले नसते. शोधनिबंधाच्या लेखकांत या मुलांचा समूह आहे. पदक यासाठी कोणाला एकट्याला मिळाले नाही, मिळणारही नव्हते.

गावाकडे पेरणीला सावड होते, तसे हे काम. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. सावडीला प्रमाणपत्र नसते. आयजेमने मात्र दुसऱ्या पथकाला मदत करणे हा अनेक वर्षे पदकाचा निकष ठेवला. हेतू चांगलाच होता, पण निकष आला की त्याची पूर्तता करणारेही आले. एकमेकांच्या प्रश्नावल्या भरून द्यायच्या, तासभर व्हिडिओ कॉल करायचा, त्याचा फोटो काढायचा, झाले सहकार्य! परीक्षेपुरती प्रयोगवही सजवण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे शिकवावे लागत नाही. तरीही निकष नसावा असे आम्हाला वाटत नाही. फोटोसाठी ओळख झालेल्या पथकांपैकी एखादी जोडी तरी पुढे एकमेकांचे तुकडे स्वतःच्या बाकावर चालवून पाहते, आणि दुसऱ्याच्या हातून न चालणारी कृती चारचौघांत उघडी पडते. परीक्षकांनी गुण द्यायचे तर या तपासणीला द्यावेत. नुसत्या भेटीगाठींना कशाला?

भारतातून 2006मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएसचे पथक या स्पर्धेत उतरले. 2009मध्ये त्याच शहरातल्या कला-डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास जिवाणूंकडून काढून घेण्याचा प्रकल्प मांडला होता. जीवशास्त्राची पदवी नसताना त्यांनी या प्रांतात केलेली मुशाफिरी अजूनही कौतुकाची वाटते. पुण्याची आयसर आणि मुंबईची आयसीटी यांचीही पथके स्पर्धेत गेली आहेत. प्रवेशशुल्क हजारो डॉलरचे, त्यावर परदेशप्रवास, त्यामुळे वर्गणी गोळा करण्यातच मुलांचे कित्येक दिवस जातात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने मध्यंतरी देशांतर्गत निवड करून पथकांना निधीही दिला. पण तो देताना पथके एकमेकांपुढे उभी केली गेली, शेजारी बसवली गेली नाहीत.

ऑगस्ट 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई-थ्री’ धोरण मंजूर केले. जैवउत्पादनाची मोठी स्वप्ने त्यात आहेत, आणि दोन ठिकाणचे आकडे जुळल्याशिवाय कोणतेही उत्पादन कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्रात ज्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत बायोटेक्नॉलॉजीचे विभाग आहेत आणि गढूळपणा मोजणारे यंत्र आहे, त्यांनी येत्या सत्रात ठरवून एका आठवड्यात तेच सिलिकाचे कण, तीच कृती वापरून एक मापन करून पाहावे. पॅरिसचे तिकीट त्याला लागत नाही. आणि आकडे जुळले नाहीत, तर तेही महाविद्यालयांच्या नावांसकट जाहीर करावेत.