नियम हवेत, पण दोघांनाही बांधणारे

होस्टिंगची जागा घेताना एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागते. त्या खुणेमागे लांबलचक मसुदा असतो. सर्व्हरवर काय ठेवायचे, काय नाही, किती मेल पाठवायचे, नियम मोडला तर काय होणार, हे सगळे त्यात लिहिलेले असते. गावचे वाचनालय, पतसंस्था, दिवाळी अंक, नाट्यमंडळ, घरगुती मसाले विकणारी उद्योजिका, यांतले सहसा कुणी तो वाचत नाही. मग एखाद्या सकाळी संकेतस्थळाच्या जागी ‘हे खाते निलंबित करण्यात आले आहे’ एवढीच ओळ दिसते आणि आपण कशाला होकार दिला होता हे शोधायची वेळ येते.

या नियमांविषयी दोन पक्ष हिरिरीने भांडतात. पहिला म्हणतो, जागा देणाऱ्याने आत काय चालते यात लक्षच घालू नये. असे नियम म्हणजे खासगी सेन्सॉरशिप. दुसरा म्हणतो, सर्व्हर कंपनीचा, जोडणी कंपनीची, तेव्हा कुणाला ठेवायचे आणि कुणाला काढायचे हा तिचा अधिकार. पटत नसेल त्याने दुसरीकडे जावे. मला दोन्ही मते अमान्य आहेत. नियम हवेतच. मात्र ते जसे ग्राहकाला बांधतात तसेच कंपनीलाही बांधले पाहिजेत. एकट्या ग्राहकाला जखडणारा मसुदा हा करार नसून हुकूम आहे.

पहिल्या पक्षाचा सवाल असा: टेलिफोन कंपनी आपले बोलणे तपासत नाही, मग होस्टिंगवाल्याने आपली पाने का तपासावीत? पण तारेतून बोलणे निघून जाते. होस्टिंगमध्ये आपली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर मुक्कामाला असते, आपला प्रोग्राम त्याच्या प्रोसेसरवर चालतो आणि स्वस्त योजनांमध्ये त्याच यंत्रावर शेकडो अनोळखी ग्राहक असतात. त्या सगळ्यांचा आयपी पत्ताही बहुधा एकच. त्यांतल्या एकाने बँकेच्या लॉगिनचे बनावट पान चढवले किंवा घाऊक स्पॅम सोडला, की तो पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत जातो. मग शेजारच्या खात्यातल्या पतसंस्थेने पाठवलेली वार्षिक सभेची नोटीस सभासदांच्या मेलपेटीपर्यंत पोचतच नाही. एकाने क्रिप्टो-मायनिंग चालवले, की बाकीच्यांची पाने उघडता उघडत नाहीत. इथे ‘लक्ष घालू नका’ म्हणणे म्हणजे शंभर निरपराधांना एका बेपर्वा माणसाच्या हवाली करणे होय.

नियमांचे भय नसलेली जागा कशी असते, हे जगाने पाहिले आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे मॅकोलो नावाची होस्टिंग कंपनी होती. स्पॅम ओकणाऱ्या कित्येक मोठ्या बॉटनेटांची, म्हणजे बाधित संगणकांच्या जाळ्यांची, सूत्रे तिच्या यंत्रांवरून हलत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी पुरावे समोर ठेवल्यावर तिला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ११ नोव्हेंबर २००८ रोजी जोडणी तोडली आणि जगभरचा स्पॅम निम्म्याहून अधिक घटला. काही महिन्यांत तो पुन्हा वाढला हे खरे. पण एका बेबंद कंपनीमुळे किती लोकांना उपद्रव होतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या ट्राबेन-ट्रारबाख गावी लष्कराच्या जुन्या बंकरात चालणाऱ्या ‘सायबरबंकर’वर सप्टेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी छापा घातला. अमली पदार्थांचे चोरबाजार तिथल्या सर्व्हरवर नांदत होते. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रियरच्या न्यायालयाने चालकांना शिक्षा ठोठावल्या. कानाडोळा करण्याला स्वातंत्र्याचे नाव दिले, तरी त्याची किंमत दुसरेच कुणी मोजत असते.

आता दुसरा पक्ष. त्याच्या हाती घरमालकाचा दाखला असतो: घर माझे, भाडेकरू मी ठरवणार. दाखला त्यानेच निवडला आहे, तर तो नीट तपासू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ घरमालकाची मालकी मान्य करतो, तरी वाजवी कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडायला त्याला मनाई करतो. घर रिकामे करून घ्यायचे तर कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. मालकी आणि मनमानी यांत आपल्या कायद्याने फार पूर्वीपासून भेद केला आहे. होस्टिंग कंपनीला त्याहून मोठी मोकळीक कशासाठी?

‘दुसरीकडे जा’ हे सांगणे सोपे आहे. जायचे तर आपला डेटाबेस, जुने मेल, वर्षानुवर्षांची छायाचित्रे हाती हवीत, आणि ती तर बंद केलेल्या खात्यातच अडकलेली असतात. डोमेन पुष्कळदा त्याच कंपनीकडे नोंदलेले असते. निलंबनाची सूचना ज्या मेलवर धाडली जाते, तो पत्ताही अनेकदा त्याच डोमेनवरचा असतो. खात्याबरोबर मेलही बंद, म्हणजे शिक्षेचे कारण ज्या कागदावर लिहिले तो कागदही कोठडीतच. अशा ग्राहकाला बाजारातल्या निवडीचे तत्त्वज्ञान ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

शिवाय मोघम कलम बळवंतांच्या हाती कसे वळते, तेही पाहा. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका सिनेटरच्या कार्यालयाने विचारणा केल्यावर अ‍ॅमेझॉनने गोपनीय सरकारी कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सला आपल्या सर्व्हरवरून काढले. सरकारी दबाव कंपनीने नाकारला आणि आपल्या अटींकडे बोट दाखवले: सामग्रीचे हक्क ग्राहकाकडे असले पाहिजेत आणि तिच्यामुळे कुणाला इजा होता कामा नये. विकिलीक्सविषयी कुणाचे मत काहीही असो, हीच अट जशीच्या तशी लावली तर गोपनीय सरकारी कागद छापणारे प्रत्येक वर्तमानपत्र अपात्र ठरेल. ऑगस्ट २०१७ मध्ये संकेतस्थळांना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने ‘डेली स्टॉर्मर’ या नाझी विचारांच्या संकेतस्थळाचे संरक्षण काढून घेतले. त्या संकेतस्थळावरचा द्वेष माझ्या दृष्टीने तिरस्करणीयच. पण कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनीच तेव्हा जाहीर अस्वस्थता व्यक्त केली, की एका माणसाच्या मर्जीवर कुणाचे इंटरनेटवरचे अस्तित्व अवलंबून असू नये. ज्याच्या हाती सत्ता आहे तोच तिला भितो, तेव्हा आपण तिची भलामण का करावी?

बड्या प्रकरणांची निदान बातमी होते. छोट्यांच्या बाबतीत कंपन्या किती सहज मान तुकवतात, हे दोन प्रयोगांनी दाखवले. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या ‘बिट्स ऑफ फ्रीडम’ या संस्थेने मुलतातुली या एकोणिसाव्या शतकातल्या डच लेखकाचा, हक्कमुक्त झालेला मजकूर १० होस्टिंग कंपन्यांकडे ठेवला आणि फुकटच्या मेलपत्त्यावरून, काल्पनिक मंडळाच्या नावाने स्वामित्वहक्काची खोटी तक्रार केली. ७ कंपन्यांनी मजकूर उडवला. लेखक १८८७ मध्येच वारला आहे, हे पाहण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०११ मध्ये मुद्दाम सदोष लिहिलेल्या नोटिसा ७ मध्यस्थ कंपन्यांना धाडल्या, तेव्हा ६ कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्तच आज्ञापालन केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, अण्णा हजारे मुंबईत उपोषणाला बसले असताना, असीम त्रिवेदी यांचे भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांचे संकेतस्थळ बंद झाले. मुंबई पोलिसांकडून तक्रार येताच सेवा देणाऱ्या कंपनीने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता डोमेन निलंबित केले होते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मजकूर काढण्याचे दायित्व मध्यस्थावर येते ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर अधिसूचना मिळाल्यावरच. येणाऱ्या प्रत्येक तक्रारीचा न्यायनिवाडा त्याने करावा अशी अपेक्षा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या मध्यस्थाच्या व्याख्येत वेब होस्टिंग देणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे, म्हणजे हा दिलासा त्यांनाही आहे. पण या निकालाने फक्त सक्ती उठली. स्वतःच्या मसुद्यातले ‘आमच्या मते आक्षेपार्ह’ हे कलम वापरून कंपनी आजही एखादे खाते बंद करू शकते. म्हणून खरी लढाई त्या मसुद्याशी आहे.

तर चांगला मसुदा कसा असावा? पहिली कसोटी नेमकेपणाची. नियमाने कृती सांगावी: फिशिंग, घातक सॉफ्टवेअर पसरवणे, परवानगीशिवाय घाऊक मेल, बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री, दुसऱ्यांच्या यंत्रांवर हल्ले. मतांबद्दल त्याने मौन पाळावे आणि त्यांचा निवाडा न्यायालयाकडे सोपवावा. ‘अमर्याद जागा’ अशी जाहिरात करून फायलींच्या संख्येची आणि प्रोसेसरच्या वेळेची मर्यादा आतल्या पानावर दडवू नये. आकडे किमतीशेजारीच छापावेत.

दुसरी कसोटी प्रमाणाची. जुने प्लगइन अद्ययावत न केल्यामुळे ज्याच्या वर्डप्रेसमध्ये चोर शिरला, तो ग्राहक निष्काळजी असेल, पण तो चोर नाही. दोघांना एकच शिक्षा देणारा नियम अन्यायी आहे. बनावट पान तत्काळ बंद करा, मेल थांबवा. लोकांचे पैसे लुटले जात असताना कुणी पंधरा दिवसांची नोटीस मागत नाही. पण वाचनालयाची ग्रंथसूची कशाला पुसता? बाधित भाग वेगळा काढता येतो तिथे सगळे खाते बंद करण्याला समर्थन नाही.

तिसरी कसोटी कारणाची आणि मुदतीची. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यानंतर अ‍ॅमेझॉनने पार्लर या समाजमाध्यमाची होस्टिंग सेवा थांबवली, तेव्हा आधी दाखवून दिलेल्या हिंसक मजकुराच्या ९८ उदाहरणांचा उल्लेख पत्रात होता. हे योग्यच. मात्र अंतिम पत्र आणि सेवाबंदी यांत जेमतेम एका दिवसाचे अंतर होते. न्यायाधीशांनी पार्लरला तातडीचा दिलासा नाकारला, तरी एक गोष्ट उरते: बोट ठेवून कारण सांगणे शक्य असते. ते बड्या ग्राहकाला सांगता येते, तर वर्षाला दोन-तीन हजार रुपये भरणाऱ्यालाही सांगता आले पाहिजे. सूचना दुसऱ्या मेलवर आणि फोनवरही जावी, बेकायदा भाग वगळून बाकीचा डेटा उतरवून घ्यायला मुदत मिळावी, डोमेन अडवून ठेवू नये आणि दाद मागितल्यावर समोर निर्णय बदलू शकणारा माणूस असावा.

यावर आक्षेप येतो, की एवढ्या स्वस्त सेवेत हे परवडत नाही. पण खाते बंद करण्याची यंत्रणा स्वयंचलित करता आली, तर ज्या फाइलमुळे ते बंद झाले तिचे नाव कळवणे तितकेच स्वयंचलित होऊ शकते. ते नाव यंत्रणेला माहीत असतेच. युरोपीय संघाने हे करून दाखवले आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याचे १७वे कलम छोट्या-मोठ्या सर्व होस्टिंग कंपन्यांना मजकूर काढण्याची किंवा खाते रोखण्याची स्पष्ट कारणे ग्राहकाला देण्यास भाग पाडते. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही स्वतःहून मजकूर काढण्याआधी कारण कळवण्याची आणि बाजू मांडू देण्याची तरतूद आहे, पण ती ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांपुरती. समाजमाध्यमावर एक चित्र टाकणाऱ्याला जे संरक्षण, ते स्वतःच्या पैशाने संस्थेचे सारे दफ्तर सर्व्हरवर ठेवणाऱ्याला नाही. ही विसंगती सरकारने दूर करावी आणि ते संरक्षण होस्टिंगच्या ग्राहकांनाही द्यावे.

दोघांना बांधणारे नियम मागायचे, तर आपली बाजूही आपण पाळली पाहिजे. प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत करणे, परवानगी नसलेल्यांना घाऊक मेल न पाठवणे, संपर्कासाठी वेगळ्या डोमेनवरचा मेल देणे आणि बॅकअप स्वतःच्या ताब्यात ठेवणे ही ग्राहकाची कर्तव्येच आहेत. ती पाळणाऱ्याला कंपनीला जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो विचारण्याची जागा म्हणजे नूतनीकरणाचे बिल. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: खाते बंद करण्याआधी कारण सांगाल का, डेटा न्यायला किती दिवस द्याल, दाद कुणाकडे मागायची? जी कंपनी याची उत्तरे मसुद्यात लिहायला तयार आहे, तिचे नियम निष्ठेने पाळावेत. जी टाळाटाळ करते, तिच्या चौकोनात खूण करू नये.