आधी घासणं, मग रंग

"मामा, मॅनिफोल्डला सिल्व्हर मारून द्या की. उद्या गाडी बघायला माणूस येणार हाय."

गेल्या महिन्यात एक तरुण आपली जुनी पेट्रोल जीप घेऊन गॅरेजात आला आणि बॉनेट उघडायच्या आतच हे बोलला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीस वर्षं जुन्या जीप दुरुस्त करतो. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघालेला जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा तुकडा. गाडीतल्या सगळ्यात तापणाऱ्या वस्तूंपैकी ही एक, आणि विकायच्या आदल्या दिवशी सगळ्यात घाईनं रंगवली जाणारीही हीच.

त्या जीपच्या मॅनिफोल्डवर गंजाचे पापुद्रे होते. पण दोन तोंडांच्या मधे काजळीची एक बारीक काळी रेघही दिसत होती. मी गॅरेजातल्या पोराला वायर ब्रश मारायला लावला, त्या जागी रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटली. भेगेत मुरलेलं रॉकेल खडूनं ओढून घेतलं होतं. मॅनिफोल्ड तडकला होता.

अशा भेगेतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद काचांच्या गाडीत तो माणसाला गुंगवून मारतो. चांदीसारख्या चकचकीत रंगाखाली ती भेग झाकली, तर उद्या गाडी घेणाऱ्याच्या घरातल्या माणसांशी आपण खेळतोय. म्हणून सांगतो, मॅनिफोल्डवरचा रंग हा झाकण्यासाठी नसतोच. गंज रोखण्यासाठी असतो, आणि तोही धड धातूवर.

मग प्रश्न येतो, कुठला रंग? याचं उत्तर दुकानाच्या फळीवर शोधू नये, तापमानात शोधावं. साधा ऑइल पेंट शंभर-दीडशे अंशांपुढे पिवळा पडून जळतो. इंजिनच्या ब्लॉकला मारतात तो एनॅमल अडीचशे-तीनशेच्या आसपास हात टेकतो. हल्ली बरेच जण पावडर कोटिंग मागतात. दिसायला ते झकास, पण ते भट्टीत पक्कं होतं तेच १८०-२०० अंशांना. चाकाच्या रिमला ते शोभतं, मॅनिफोल्डवर करपतं. गॅल्व्हनायझिंगचंही तसंच, जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं. इकडे घाट चढताना डिझेल गाडीचा मॅनिफोल्ड चारशे-पाचशेपर्यंत जातो, पेट्रोलचा सहाशे-सातशेपर्यंत. अंधारात बीड मंद लाल दिसू लागलं, तर ते पाचशेच्या पुढे गेलंय असं समजावं.

या आचेत टिकणारे दोनच प्रकार मी मानतो. एक, सिलिकॉन रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी असलेला हिटप्रूफ रंग. तो साधारण सहाशे अंशांपर्यंतचा असतो आणि डिझेल जीपला पुरेसा असतो. दुसरा सिरॅमिक कोटिंगचा. त्यातली चांगली कोटिंग्ज नऊशेच्या पुढेही टिकतात, पण ती जाणकाराकडूनच करून घ्यावी लागतात आणि महाग पडतात. जोरात पळणाऱ्या पेट्रोल गाडीला, किंवा मॅनिफोल्डऐवजी बसवलेल्या स्टीलच्या पाइपांच्या हेडरला तोच खर्च करावा.

पण उत्तम डबा आणूनही रंग उडतो. मी स्वतः हे भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका डिझेल जीपला मी भारीतला हिटप्रूफ मारला. गंज वरवर खरवडला होता, आणि रंग छान दिसावा म्हणून तीन जाड हात दिले होते. गाडी आंब्याचा घाट उतरून रत्नागिरीला गेली आणि आठवड्यानं परत आली, तेव्हा रंग पापडासारखा सुटला होता. मी दुकानदाराशी भांडलो. चूक माझी होती, हे कळायला दोन वर्षं गेली.

बीड तापलं की वाढतं. अर्ध्या मीटरचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला, तर जवळजवळ तीन मिलिमीटरनं लांबतो आणि थंड झाला की तेवढाच आखडतो. रोज, प्रत्येक फेरीला. पातळ थर त्याच्याबरोबर ताणला जातो, जाड थर तडकतो. आणि खाली गंज किंवा तेलाचा हात असेल, तर रंगानं धरायचं तरी कशाला?

लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. पातेलं तापवायचा, घासायचा, नवसागर टाकायचा, आणि मगच कथलाचा तुकडा फिरवून कापडानं पुसायचा. कथील फिरवायला चार सेकंद लागायचे. बाकी सगळा वेळ तांबं उघडं करण्यात जायचा. माझी आजी कल्हई झाल्यावर नव्हे, आधीच भांडं हातात घेऊन बघायची, आणि काळा डाग दिसला की परत द्यायची. गिऱ्हाइकानं तिच्यासारखं असावं.

आज माझी पद्धत ठरलेली आहे. मॅनिफोल्ड खोलायचा, भेग तपासायची, ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरानं कणांचा मारा करून धातू खरखरीत राखाडी होईपर्यंत साफ करायचा, थिनरनं पुसायचा आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. दोन पातळ हात पुरतात. हा रंग वाळल्यासारखा दिसतो, पण पक्का होतो तो दोनशे अंशांच्या आसपास तापल्यावरच. म्हणून भट्टीत टप्प्याटप्प्यानं तापवायचा आणि मधे थंड होऊ द्यायचा. भट्टी नसेल तर गाडी मोकळ्या हवेत दहा मिनिटं चालू ठेवायची, थंड करायची, मग वीस मिनिटं. पहिल्या तापण्यात निघणारा धूर नाकात जाऊ द्यायचा नाही.

ब्लास्टिंगबद्दल एक गोष्ट हात जोडून सांगतो. वाळूनं ब्लास्टिंग करून घेऊ नका. वाळूची सिलिका धूळ होऊन फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. शॉट किंवा ॲल्युमिनाच्या कणांनी काम होतं. पन्नास-शंभर रुपये जास्त लागतील, पण आपल्या चकाकीसाठी कुणाचा श्वास जायला नको.

आणि नवी, रोज ऑफिसला जाणारी गाडी असेल तर? काहीही करू नका. बिडावरचा वरवरचा तांबूस गंज निरुपद्रवी असतो. बीएस-सिक्स गाड्यांत मॅनिफोल्डला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, तिथं हौसेचा रंग नुकसानच करतो. कापडी पट्ट्या गुंडाळण्याची फॅशनही टाळा. आपल्या पावसात त्या ओल धरतात, आणि आतून धातू कुजतो.

माझ्या बिलात आता तीन वेगळ्या ओळी असतात: साफसफाई, रंग, भट्टी. साफसफाईची रक्कम रंगापेक्षा मोठी असते. लोक त्यावरच घासाघीस करतात, आणि मी तिथंच एक रुपया सोडत नाही.

त्या तरुणाला मी दुसरा धड मॅनिफोल्ड शोधून बसवून दिला. गाडी बघायला येणाऱ्याला दोन दिवस थांबवावं लागलं. निघताना तरुणानं विचारलं, "जुना भंगारात टाकू?" मी म्हटलं, नको. खडूची रेघ तशीच आहे, घेऊन जा. गाडी घेणाऱ्याच्या हातात आधी तो दे, मग बॉनेट उघड.