आळशी कोण?

‘अणु, रेणु, पेशी, ऊति, इंद्रिय, संस्था’ ही शिडी आमचे विद्यार्थी परीक्षेंत बिनचूक लिहितात. परंतु ती आपल्याच देहांत उभी आहे, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं, व याचा दोष आम्ही शिक्षकांकडेच घेतों.

लोहाचेंच पाहा. हिमोग्लोबिनच्या एका रेणूंत लोहाचे अवघे ४ अणु. प्राणवायु धरून ठेवण्याचें काम त्यांचें. असे सुमारें २७ कोटी रेणु एका तांबड्या पेशींत सामावतात, आणि ती पेशी सुमारें १२० दिवस जगते. आहारांत लोह दीर्घकाळ कमी पडलें, कीं रक्त फिकें होतें, हृदयास अधिक राबावें लागतें, स्नायु लवकर थकतात. आणि वर्गांत मागल्या बांकावर एखादी मुलगी डोकें टेंकून बसते. तिला ‘आळशी’ म्हणून आम्ही मोकळे! (घरींहि बिचारीस तेंच ऐकावें लागत असेल.) देह व अवयव यांचा पौलाचा दृष्टांत सकाळच्या प्रार्थनेंत वाचणारे आम्ही, पहिल्याच तासाला तो विसरतों.

आमच्या मतें अशा मुलीस बोल लावण्यापूर्वीं तिच्या खालच्या पापणीची आंतली बाजू पाहावी, आणि ती फिकट दिसल्यास पालकांनीं विनाविलंब रक्त तपासून घ्यावें.