किंमत चढली, मूल्य उतरले

जुन्या गाडीचे नवे रूप बाजारात आले की जुनीचाही सन्मान होतो, असे हल्ली सर्रास म्हटले जाते; आणि पुरावा म्हणून जुनीच्या चढत्या भावाकडे बोट दाखवले जाते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. किंमत आणि मूल्य यांतील भेद निदान साहित्याच्या अभ्यासकांना तरी समजावून सांगावा लागू नये.

अमेरिकेत १९७० च्या डॉज चॅलेंजरला २००८ मध्ये नवा अवतार मिळाला. आपल्याकडे तोच प्रकार जावा-येझदीच्या बाबतीत घडला. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढे महिंद्र समूहाशी संलग्न क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ मध्ये 'जावा' आणि २०२२ मध्ये 'येझदी' पुन्हा बाजारात आणली. परत आले ते नाव आणि बाह्यरूप. जुनी गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी; किक आणि गिअर एकाच दांड्यावर. नवी फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनची. नवीचा धूर कमी, ब्रेक अधिक भरवशाचे, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो उसन्या नावाविषयी. 'येझदी' हे नाव कोणाचे, याचा तंटा तर कर्नाटक उच्च न्यायालयात गेला.

देवलांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले, तेव्हा नाटकाला 'झुंझारराव' हे स्वतंत्र नाव दिले. शिरवाडकरांचा 'नटसम्राट' लिअरची आठवण देतो, पण लिअर म्हणून मिरवत नाही. रूपांतराचा प्रामाणिकपणा तो हाच. मूळ कृती त्याने झाकली जात नाही आणि नवी कृती स्वतःच्या पायांवर उभी राहते.

उसन्या नावाने मुळाचे काय होते, हे आमच्या भंडाऱ्याला कळायला हवे. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा. घरचे घंगाळ मोडीत गेले की वजनावर विकले जाते. तेच शहरातल्या दिवाणखान्यात पोचले की 'अँटिक' ठरते. दोन्ही व्यवहारांत त्यातले आंघोळीचे पाणी मात्र संपते. येझदीचेही तसेच. काल ती मोडीच्या भावात जात होती, आज संग्राहक तिच्या शोधात फिरतात. साकोली-लाखनीच्या रस्त्यावर दुधाच्या किटल्या वाहणारी गाडी उद्या झाकून ठेवलेली वस्तू होईल. आवाज ऐकून टायमिंग ओळखणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला मग काम उरणार नाही, आणि त्याच्यामागे ते ज्ञानही उरणार नाही. ग्रंथ कपाटात जपला, पण तो वाचणारे सरले, अशीच ही अवस्था.

नवी गाडी जरूर काढावी. तिला तिचे नाव द्यावे. आणि भाव वाढला म्हणून जी गाडी रस्त्यावर काढण्याचा धीर होत नाही, तिचे मूल्य वाढले असे निदान आपण तरी म्हणू नये.