परीक्षा श्रमप्रतिष्ठेची

घरातला नळ गळू लागला की आपण प्लंबरची दोन-दोन दिवस वाट पाहतो. परंतु आपल्या मुलाने प्लंबर व्हावे, असे आपल्याला स्वप्नातही वाटत नाही. श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने होतात. घरात मात्र आयटीआय म्हणजे नापासांची शाळा!

या समजुतीची किंमत मोठी आहे. १० लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे १३,२०० रुपयांचा हप्ता बसतो. एकूण परतफेड जवळजवळ १६ लाखांची. शिक्षणाच्या काळात चढलेले व्याज वेगळेच. पदवीला साजेशी नोकरी मिळाली नाही, तरी हप्ता थांबत नाही.

याउलट आयटीआयमध्ये वेल्डर एका वर्षात, तर फिटर वा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत तयार होतो. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार विद्यावेतन घेत कारखान्यात शिकता येते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला, तोही हाताने काम करत शिकण्यासाठीच.

आरंभीची मिळकत बेताची असते, कष्टही पडतात. पण कसब आणि सचोटी असेल, तर माणूस स्वतःचा व्यवसाय उभारतो, आणखी चौघांना काम देतो.

ज्याचा ओढा उच्च शिक्षणाकडे आहे, त्याने ते अवश्य घ्यावे. मात्र 'लोक काय म्हणतील' या धाकापोटी कर्ज काढू नये. उद्या अशाच एखाद्या कर्तबगार वेल्डरचे स्थळ आपल्या मुलीसाठी सांगून आले, तर आपण काय उत्तर देऊ? श्रमप्रतिष्ठेची खरी परीक्षा तिथे आहे.